सत्तावीस नंबरची चकती

इथे लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो की त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी तर त्याच्या पुढे जाऊन सांगते, मी असल्या गोष्टींवर भांडायची. आमच्या गल्लीत लेकराला ताप आला की आधी मीठ-मिरची ओवाळून टाकायची आणि मग दवाखाना... मी तोंडावर बोलायची, त्यामुळे अर्धी गल्ली माझ्याशी बोलत नाही. सोळा वर्षं ड्रायव्हर लोकांच्या तासांची नोंद ठेवायचं काम केलं. कागदावर उमटलं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा माझा खाक्या. आता जे सांगणार आहे ते कागदावरच उमटलंय, आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

आणखी एक. खाली कुणी "ताई, किती भीती वाटली असेल" असं लिहू नका. भीती दोन दिवस वाटली. राग अजून आहे.

जागा सांगते. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. गोबरवाहीकडून चिखल्याला निघालं की रस्त्यापासून थोडं आत एक ट्रान्सपोर्टचं यार्ड आहे. खाणीचा याच्याशी काही संबंध नाही, यार्ड एका खासगी मालकाचं आहे आणि त्याचं नाव मी लिहिणार नाही. मँगनीजची काळी धूळ सगळीकडे. हात कितीही घासा, नखांत राहतेच. गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीत माझं टेबल होतं. बाहेर पाटी होती — टाइम ऑफिस.

आमचा माल घेणाऱ्या कारखान्याची अट होती की कुठल्याही ड्रायव्हरने दिवसाला नऊ तासांवर गाडी चालवायची नाही, आणि त्याची नोंद मशीनमध्ये पाहिजे. चांगली अट होती. वाट लावली ती आम्ही.

यार्डात दोन प्रकारच्या गाड्या होत्या. नवीन ट्रेलरमध्ये डिजिटल मशीन, त्यात ड्रायव्हरने स्वतःचं कार्ड टाकायचं. आणि एकच जुनी टिप्पर होती, लिलावात घेतलेली, परदेशी बनावटीची. यार्डातला तिचा नंबर सत्तावीस. तिच्यात जुनं मशीन होतं, त्यात कागदाची गोल चकती लागायची. हाताच्या पंजाएवढी, मेण लावल्यासारखी गुळगुळीत, कडेला गोलाकार चोवीस तास छापलेले. मशीनच्या घड्याळाबरोबर चकती फिरते आणि आतली सुई तिच्यावर ओरखडे काढते. गाडी उभी असली तर बारीक रेघ. चालली तर जाड पट्टा, आणि त्याच्या वर वेगाचे चढउतार. मधोमध ड्रायव्हरचं नाव आणि तारीख पेनाने लिहायची. एका दिवसाला एक चकती.

आता गोम इथे आहे. सकाळी सत्तावीस चालवलेला माणूस दुपारी ट्रेलरवर बसला की त्याचे सकाळचे तास चकतीवर असतात आणि दुपारचे कार्डावर. दोन्ही मशीन एकमेकांना ओळखत नाहीत. कार्ड आत टाकलं की डिजिटल मशीन विचारतं, मागच्या वेळी कार्ड काढल्यापासून आत्तापर्यंत काय केलं? पडद्यावर चित्रं येतात. हातोडे म्हणजे काम, खाट म्हणजे आराम. खरं सांगायचं तर हातोडे दाबायला पाहिजेत. पण हातोडे दाबले की तास भरतात, आणि माणूस ट्रेलर घेऊन निघू शकत नाही. म्हणून आमच्याकडे सगळे खाट दाबायचे. सकाळभर टिप्पर हाणली, आणि कार्डावर काय? तर आराम.

हे ड्रायव्हरांना कुणी शिकवलं? मी. काही जणांना वाचता येत नव्हतं, ते चुकून हातोडे दाबायचे आणि मॅनेजर माझ्यावर ओरडायचा. तेव्हा मी पुठ्ठ्यावर स्केचपेनने मोठी खाट काढली, चार पाय आणि वर उशी, आणि ते पुठ्ठे सगळ्या ट्रेलरच्या मशीनखाली चिकटवले. मॅनेजर म्हणाला, "वा मॅडम, दिमाग आहे." मला बरं वाटलं होतं... काय सांगू.

सुखदेवभाऊ आमच्या आंधळगावचे. नात्याचे नाहीत, पण माझ्या माहेरचे म्हणून मला बाई म्हणायचे, बहिणीला म्हणतात तसं. बावन्न-त्रेपन्न वर्षांचे, दारू नाही, खर्रा नाही. त्या दिवशी ते पहाटे साडेपाचला सत्तावीस घेऊन निघाले. यार्डातल्या ढिगाऱ्यावरून रेल्वेच्या सायडिंगपर्यंत, खेपेवर खेप. मालकाचाच माल, त्यामुळे ना पावती ना गेटावर नोंद. मी नऊला आले तेव्हा ते खेपेवरच होते. मध्ये टिप्परचा हायड्रोलिकचा पाइप फुटला, रज्जाक मिस्त्री जाऊन बांधून आला. एक वाजून दहा मिनिटांनी भाऊ माझ्या खिडकीशी आले आणि चकती माझ्या हातात दिली. डोळे लाल झाले होते.

"बाई, आज आंग लय जड लागून राहिलं. अर्धा घंटा पाठ टेकू दे मले."

मागून मॅनेजर आला. "मॅडम, ट्रेलर भरून उभा आहे. कारखान्याचे फोनवर फोन येऊन राहिले. रवाना करा लवकर."

भाऊंनी मॅनेजरकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "भाऊ, खाट दाबा अन् निघा. रस्त्यात कुठं ढाब्यावर झोपा."

ते निघाले. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास साकोलीच्या अलीकडे ट्रेलर रस्ता सोडून पुलाच्या कठड्याला धडकला. एका मोटारसायकलवाल्याचा हात मोडला. भाऊंचा उजवा पाय केबिनमध्ये चेंगरला, तो पुढे गुडघ्याखालून कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. "सत्तावीसची कालची चकती द्या."

मी दिली. त्याने शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाला, "सत्तावीस तर पंधरा दिवसांपासून बंद आहे नं, मॅडम?" विचारल्यासारखं म्हणाला आणि मी बोलेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

मी "हो" म्हणाले.

ते एक "हो" बोलून मी थांबले असते तरी चाललं असतं. मागच्या पंधरा दिवसांच्या खऱ्या चकत्याही त्याने फाइलीतून नेल्या, आणि त्या जागी मी कोऱ्या चकत्या लावल्या. प्रत्येकीवर तारीख, आणि ड्रायव्हरच्या नावाच्या जागी "गाडी उभी". एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून मी तीन वेगवेगळे पेन वापरले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग केस उभी राहिली. कार्ड सांगत होतं, माणसाने दुपारी दीडपर्यंत आराम केला, पाच तास गाडी चालवली आणि बेफिकिरीने डुलकी घेतली. भाऊ दवाखान्यातून ओरडून सांगत होते की मी पहाटेपासून टिप्परवर होतो. कुणी ऐकेना. साकोलीहून चौकशीचे साहेब यार्डात आले, त्यांनी मलाही विचारलं. मी फाइल पुढे केली. "फाइलीप्रमाणे गाडी उभी होती, सर." फाइलीप्रमाणे! ही माझी हुशारी.

मी दवाखान्यात गेले होते एकदा, सफरचंदं घेऊन. शेवंता वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, मला दारातच भेटल्या. त्यांनी विचारलं, "बाई, तू तर तिथंच होती. तुले मालूम आहे नं सारं? मंग सांगत काहून नाहीस?" मी सफरचंदं त्यांच्या हातात दिली आणि बस पकडली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मॅनेजरने सत्तावीस भिंतीला लावून उभी केली आणि रज्जाक मिस्त्रीकडून तिची बॅटरी काढून घेतली, गाडी खरंच बंद दिसावी म्हणून. त्या मशीनचं घड्याळ बॅटरीवर चालतं. बॅटरी काढली तेव्हा काटे दोन वाजून वीस मिनिटांवर थांबले, ते तिथेच. पण कारखान्याचा तपासणीवाला कधीही येऊन मशीन उघडेल, म्हणून उभ्या गाडीतही रोज त्या तारखेची चकती असली पाहिजे, असं मॅनेजरचं म्हणणं. मी रोज नऊला केबिनमध्ये चढून कोरी चकती टाकायची आणि साडेपाचला काढून फाइलीत लावायची. काय मूर्खपणा आहे हा, तुम्हीच सांगा. पण केला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चकती काढली, तर तिच्यावर पट्टा होता.

पहाटे साडेपाचपासून दुपारी एक वाजून दहापर्यंत. जाड, आणि वर वेगाचे चढउतार. मला वाटलं, चुकून जुनी वापरलेली चकती टाकली असेल. पण मधोमध माझ्याच अक्षरात त्या दिवसाची तारीख आणि "गाडी उभी". दुसऱ्या दिवशी नवीन पुडकं फोडलं, चकती दोन्ही बाजूंनी पाहिली, टाकली. संध्याकाळी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. आणि हे नीट वाचा — पट्टा पहाटे साडेपाचपासून होता. मी चकती टाकत होते नऊ वाजता. घड्याळाचे काटे दोन वीसवर गोठलेले. म्हणजे चकती जागची हलायलाच नको. आणि मशीनमध्ये असण्याच्या आधीचे साडेतीन तास तिच्यावर उमटत होते.

मी रज्जाक मिस्त्रीला बोलावलं. हा माणूस वायरिंग सोडून कशावर विश्वास ठेवत नाही. त्याने बॅटरीची जागा पाहिली, मशीनची वायर ओढून पाहिली, बोनेट उघडून परत लावलं.

"ताई, बॅटरी तर मीच काढली. करंट कुठूनच नाही. काटा हलूच शकत नाही."

मग मी त्याला तिन्ही चकत्या दिल्या. त्याने त्या एकावर एक ठेवल्या आणि उजेडाकडे धरल्या. तिन्हींचे ओरखडे एकमेकांवर बसले. केसभरही इकडेतिकडे नाही. त्याने काळ्या बोटाने एक जागा दाखवली. नऊ पस्तीस ते दहा दहा, पट्टा तुटलेला होता, तिथे नुसती बारीक रेघ.

"हे तर त्या दिवसाचं आहे," तो हळूच म्हणाला. "पाइप फुटला होता नं? मीच गेलो होतो बांधायले. त्याच्यानंतर भाऊनं गाडी धीरे चालवली, मीच सांगितलं होतं तसं. हे पाहा, वेग कमी झाला." आणि मग त्याने हातातली चकती माझ्या टेबलावर टाकली आणि पँटला हात पुसत बाहेर गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं. पण सकाळी उठले तेव्हा भीतीच्या जागी संताप होता, आणि गंमत म्हणजे तो त्या मशीनवर होता. तू कोण मला शिकवणार? बॅटरी नाही, करंट नाही, भंगाराचा डबा तू. माझ्या मुलीचं कॉलेज आहे, नवऱ्याचं दुकान बंद पडलंय, नोकरी गेली तर मी काय करू? केबिनमध्ये बसून मी हे मोठ्याने बोलले, वेड्यासारखी. चकती टाकली, झाकण आपटलं. संध्याकाळी पुन्हा तेच साडेपाच ते एक दहा.

पट्टा दिसायला लागल्यापासून सहाव्या दिवशी संध्याकाळी मी सहाही चकत्या नेऊन मॅनेजरपुढे ठेवल्या. तो तडकला. "मॅडम, हे धंदे तुमचेच! सुईनं ओरखडून राहिल्या तुम्ही. कोणाच्या सांगण्यावरून?" त्याने वरची एक टराटरा फाडली. मीही भडकले. म्हटलं, उद्या तुम्हीच टाका, किल्ली तुमच्याचजवळ ठेवा.

आणि त्याने टाकली. तारीख त्याने स्वतःच्या हाताने लिहिली, केबिनला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली, आणि दिवसभर दर अर्ध्या तासाने खिडकीतून सत्तावीसकडे बघत होता, ते मला माझ्या टेबलावरून दिसत होतं. साडेपाचला आम्ही दोघं गेलो. त्याने कुलूप काढलं, मशीन उघडलं, चकती बाहेर काढली. ती सकाळी टाकली होती तशीच होती, बारा वरच्या बाजूला, म्हणजे जराही फिरली नव्हती. आणि तिच्यावर पहाटे साडेपाच ते दुपारी एक दहा.

ऊन उतरलं होतं, रस्त्याने शाळेतली पोरं सायकलवर चालली होती, सगळं नेहमीसारखं. मग त्याने ती चकती बारीक फाडली, तुकडे खिशात घातले आणि म्हणाला, "उद्यापासून चकती टाकू नका. मशीन काढून भंगारात देऊ."

घाबरला होता हो तो. आणि घाबरून त्याने काय केलं? तर पुरावा भंगारात टाकायला निघाला. त्याच्या मनात भाऊंचं नावही आलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. कारण मला दिसलं की मीही सहा दिवस तेच केलं होतं. चकती काढली, फाइलीत लावली, घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. उरलेल्या पाच चकत्या डब्याच्या पिशवीत घातल्या आणि साकोलीला गेले. साहेबांनी चहा मागवला, चकत्या खिडकीशी धरून पाहिल्या, उलटसुलट केल्या.

"बाई, यांच्यावर तारखा अपघाताच्या नंतरच्या आहेत. तुमच्याच अक्षरात. मधे 'गाडी उभी' लिहिलंय. याचं मी काय करू?"

मला रडू आलं, रागाने. म्हटलं, "सर, मशीनला बॅटरी नाही..."

"ते राहू द्या," ते म्हणाले. त्यांनी चकत्या माझ्याकडे सरकवल्या आणि कोरा कागद पुढे घेतला. "त्या दिवशी तुम्ही स्वतः काय पाहिलं, ते सांगा."

एवढंच हवं होतं. पहिल्या दिवसापासून एवढंच हवं होतं. मी सांगितलं. एक दहाला चकती माझ्या हातात आली, डोळे लाल होते, अर्धा तास मागितला होता, आणि खाट दाबा असं मी म्हणाले. कोऱ्या चकत्या मी लिहिल्या, तेही सांगितलं. पुठ्ठ्यावरची खाट कुणी काढली तेही. साहेबांकडे अपघातातल्या केबिनचा फोटो होता, त्यात माझी खाट दिसत होती, उशीसकट. तोवर ते तिला कंपनीची सूचना समजत होते.

दोन दिवसांनी रज्जाक मिस्त्रीनेही जबाब दिला. पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेसहा, तेरा तासांची गोष्ट कागदावर आली. भाऊंवरची केस संपलेली नाही, पण आता त्या केसमध्ये मॅनेजर आहे, मालक आहे आणि खोट्या नोंदीसाठी मी आहे. नोकरी गेलीच. त्याचं मला काही म्हणायचं नाही.

भाऊ घरी आल्यावर मी आंधळगावला गेले. ते ओसरीवर खाटेवर बसले होते, पायावर चादर. मी सगळं सांगितलं. चकत्याही दाखवल्या. मला वाटत होतं ते चकत्या हातात घेतील, नवल करतील, देवाचं नाव घेतील. त्यांनी हात लावला नाही.

"मंजे कागद बोलला, तवा तू बोलली," ते म्हणाले. "मी दवाखान्यात बोंबलून राहिलो होतो, त्यानं नाही झालं काही."

मी चकत्या परत पिशवीत घातल्या.

"जाऊ दे. चाय पिऊन जा."

शेवंता वहिनींनी चहा आणून ठेवला. मी तो प्यायले, काय करणार. कपात बघत प्यायले.

सत्तावीसचं मशीन भंगारात गेलं की कुठे, मला माहीत नाही. चकत्या माझ्याकडे आहेत, पाच. मेकॅनिकल इंजिनिअर असलेल्या भाच्याला दाखवल्या, त्याने दाब, उष्णता, चुंबक असलं काय काय सांगितलं आणि शेवटी म्हणाला, आत्या, कळत नाही. इथे कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा, मी मनापासून ऐकेन. नऊला टाकलेल्या चकतीवर पहाटे साडेपाच कसे उमटले, मला खरंच माहीत नाही.

फक्त तीन पेन का वापरले, ते विचारू नका. ते मला माहीत आहे.